एकदाचं गेलो कंधारला!

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय ते विचारावं लागत नाही. नळाच्या लाइनीत उभं राहिलं की आपोआप कळतं. लातूर नवीन जिल्हा झाला, भाडेकरू वाढले, पाणी तेवढं आटलं. लाइन लांबली, तसे किस्सेही लांबले! त्यातले निम्मे शेजारच्या गायकवाडांच्या सहलीचे.

गायकवाड भाऊजी कलेक्टर ऑफिसात क्लार्क. त्यांची पिंकी पहिलीत, राहुल तिच्याहून लहान. शाळेत बाईंनी सांगितलं, कंधारच्या किल्ल्याला खंदक आहे, त्यात पाणी असतं.

"घागरीत न्हाई? उघडंच?" पिंकीचे डोळे एवढाले झाले! तेव्हापासून एकच धोशा, "पप्पा, आटायच्या आधी चला!"

*

पहिल्या रविवारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून सगळे निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचतात तोच ओरडा झाला, "नळ आलाऽऽ!"

भाऊजींची बायको सुनीता इस्त्रीच्या साडीत पळत आली. घागर कुलपात, किल्ली भाऊजींकडं. तिनं पायातली नवीकोरी चप्पलच लाइनीत ठेवली! आमच्याकडं चालतं ते. चप्पल ठेवा, दगड ठेवा, नंबर तुमचाच.

लेकरांनी दशम्या नळापाशीच खाल्ल्या. राहुल मला म्हणतो, "काकू, कंधार लई जवळ हाय की!"

*

पुढच्या रविवारी मीच म्हणाले, "नळाचं मी बघते, तुम्ही निघा." त्यांनी दार उघडलं तर समोर रेणापूरकडचे मामा, लेकीसुनांसकट!

"नवा जिल्हा बघायला आलो."

झालं! रणरणत्या उन्हात भाऊजींनी सगळ्यांना ऑफिस दाखवायला नेलं. रविवार तो, दाराला हे मोठं कुलूप. मामा बघतच राहिले.

"बंदच ठिवायचा हुता, तर केला कशाला?"

*

तिसऱ्या खेपेला स्टँड गाठलं. पण ऊन असलं, की बस लागेस्तोवर लेकरांनी वॉटरबॅग रिकामी केली. सुनीता पायरीवरच अडली. "पाण्याबगर मी लेकरं नेत न्हाई."

"अगं, पाणीच बघायला चाललो ना?"

"बघायला! प्यायला न्हाई!"

कंडक्टरनं घंटी मारली. गेली बस!

त्या रात्री पिंकी जेवली नाही. "आता आटलं असंल," एवढंच म्हणाली.

*

मग मात्र मी स्वतःच पुढं झाले. नळ समोरच्या वहिनींवर सोपवला, पाण्याचे दोन कॅन घेतले आणि गायकवाडांबरोबर बसमध्ये चढले. कंधारला उतरून सगळा रस्ता पिंकी पुढं पळत होती.

खंदकात पाणी होतं! खाली गेलेलं, हिरवट, पण पाणी!

पिंकी काठाजवळ थबकली. मला वाटलं, आता ही नाचणार. भाऊजी तिचा हात धरायला धावले. पण तिनं शांतपणे पायातली चप्पल काढून नीट ठेवली. तिच्यामागं राहुलची ठेवली. मग एक दगड उचलून आणला.

"काकू, हा तुमचा."

मी तोंडावर हातच ठेवला!

तिनं मागं वळून सगळ्या मोकळ्या काठावर नजर फिरवली. मग घाबरून भाऊजींना बिलगली.

"पप्पा, एवढं पाणी हाय... अन् लाइनीत कोणीच कसं न्हाई?"