चिनी बासरी आणि अर्नाळ्याची बोटं

अ‍ॅक्युपंक्चरसारख्या चिनी उपचारांवर माझा विश्वास नाही, पण दुखऱ्या गुडघ्यापुढे विश्वासाचं काय चालतं? बोळिंजच्या दवाखान्यात मी सुया टोचून घेऊन निमूट पडलो होतो. शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याचे एक म्हातारे काका होते. दोन्ही हातांत सुया, तरी चेहरा लग्नाला आल्यासारखा.

डॉक्टरबाईंनी मोबाइलवर चिनी बासरी लावली. म्हणाल्या, "जुन्या चिनी वैद्यकात सूर पाच. प्रत्येक सूर एकेका अवयवाला मानवतो. यकृताचा वेगळा, फुप्फुसाचा वेगळा."

"मग आपल्या सातांतले वरचे दोन कोनासाठी?" काकांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "ते नाचायला ठेवू!"

काका कोळीवाड्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बोटं आखडल्यापासून वाद्य कपाटात पडून होतं आणि नातीचं लग्न तोंडावर आलं होतं.

बासरी रंगात आली, तशी काकांची बोटं चादरीवर एकेक करून सूर शोधू लागली.

"काका, सुया आहेत! बोटं हलवू नका," बाई ओरडल्या.

काका आपल्या हातांकडे बघतच राहिले. मग खदखदून हसले.

"अगो बाय, हलत नव्हती म्हनून तर आलो!"