भिवराबाईचा अंगठा
निजामाच्या राज्यात आष्टीच्या बाजारी सीताफळं विकायला बसणारी भिवराबाई म्हणजे तोंडाची तोफ. पाटील असो, नाहीतर देवळातला गुरव, ती कुणाला जुमानायची नाही. नवरा तात्याबा तर तिच्या लेखी शुद्ध बावळट. त्याचा उजवा डोळा अधू झाला, तेव्हा गावोगाव डोळ्यांचं औषध देत फिरणारा मुंजाजी वैद्य म्हणाला, "मोतीबिंदू हाय. पिकू द्या. तवर ह्ये औषध रोज डोळ्यात घाला. पिकला की सुईनं बाजूला ढकलतो." वर्ष गेलं, डोळ्यात उजेडसुद्धा शिरेना, अन् हा शहाणा आपला पिकायची वाट बघतोय!

मग डावाही बिघडला. दिवेलागणीला तात्याबा म्हणाला, "दिव्याभवती रंगाचं कडं दिसतंय गं." कपाळ ठणकायचं, ओकारी यायची, बाजूला उभं राहिलेलं माणूस दिसायचं नाही. आता हाही गेला की तात्याबा कायमचा आंधळा.

"ह्यो बी पिकंल," मुंजाजी म्हणाला.

भिवराबाईच्या मस्तकात तिडीक गेली. फळ पिकलंय का, हे ती अंगठ्यानं हलकं दाबून सांगायची. तिनं तात्याबाला डोळे मिटायला लावले अन् पापण्यांवरून दोन्ही दाबून पाहिले. मग स्वतःचा दाबला. तिचा नरम होता. त्याचा डावा कडक, उजवा तर निव्वळ गोटा.

"मुडद्या, पिकलेलं नरम पडतं का टणक व्हतं? तुला डोळ्यातलं काय ढेकळं कळतंय?"

"बाईमाणसानं वैद्याला शिकवू न्हाई."

"तुज्यापरीस माजी गाढवीण शहाणी! हो भाईर!"

त्याच गाढविणीवर तात्याबाला बसवून ती इंग्रजी हद्दीत नगरच्या दवाखान्याकडे निघाली. वाटभर ह्याची कुरकुर, "वैद्यबुवा रागावतील गं."

"रागावू दे. त्येला घाबरून दुसरा बी घालवतो का?"

डॉक्टरांनी मिटल्या डोळ्यांवर बोटं ठेवून चाचपलं, मग आत पाहिलं. "मोतीबिंदू नाही बाई, काचबिंदू आहे. पाणी तुंबून डोळा कडक झालाय." डाव्या डोळ्याला बारीक चीर देऊन त्यांनी पाण्याला वाट करून दिली. पट्टी सुटली, तेव्हा तात्याबाला समोरचं माणूस ओळखू आलं.

"अन् उजवा?" भिवराबाईनं विचारलं.

"तो गेला. वर्षापूर्वी आणला असतात, तर वाचला असता."

मुंजाजीच्या नावानं तिच्या तोंडाशी शिवी आली अन् तिथंच अडकली. वर्षभर त्या डोळ्यात मुंजाजीचं औषध घालत होतं कोण? रोज सकाळी तात्याबाचं डोकं मांडीवर दाबून, तो नको नको म्हणत असताना, तीच घालत होती.