बॅजला दाखवलेला ऊद

मुरूम गावच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते. कामावर असताना छातीशी एक बॅज लावावा लागतो. त्यात लिथियम फ्लोराइडच्या बारक्या पांढऱ्या चकत्या असतात. अंगावर किती किरणं पडली, ते त्या मुकाट साठवतात. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथं चकत्या तापवल्या की साठ्याएवढा उजेड देतात आणि कोऱ्या होतात. एकदाच सांगतात, पुन्हा न्हाय.

लग्नानंतर लई वर्षांनी मला दिवस गेले. कळलं तोवर दुसरा महिना सरत आलेला, आणि मी रोज मशीनपाशी. पोटातल्या जिवाला काही झालं नसेल ना? झोप उडाली माझी. उत्तर त्या बॅजमध्येच होतं. पोस्टात टाकायचा म्हणून तो घरी आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

मंगळवारी कामावरून आले तर बॅजला हळदकुंकू लावलेलं, अन् प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं. सासूबाई खुशीत होत्या.

"ताईत हाय न्हवं तुझा? भवानीम्होरं चांगला ऊद दाखवला. पार इस्तवावर धरला बघ. आता दोघांचं राखंल."

माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, राखत-बिखत काही न्हाय तो! निस्ता मोजतो! तापवलं की सगळं पुसतं. लेकराचं काय ते आता कुणाला विचारू मी?"

त्यांनी वाकडा बॅज उलटापालटा करून पाहिला. "मंग तुला राखतंय कोन?"

"मशीन अन् माझ्यामधली भिंत. अन् लांब उभं राहणं."

दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या माझ्याआधी दवाखान्यात हजर! डॉक्टरांना म्हणाल्या, "बाळंत होईस्तोर सून मशीनपाशी जायची न्हाय. केसपेपराच्या टेबलावर बसवा, न्हाय तर म्या हितंच बसते." डॉक्टर हसले, पण ऐकलं. मी लाजून मेले, अन् मनातून बरंही वाटलं.

पुढं अहवाल आला, बॅज वाचता येत नाही म्हणून. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

मुलगी झाली. सासूबाईंनी तिच्या हाताची बोटं मोजली, मग पायाची, मग परत हाताची. "पुरी हायत, मावशी," नर्स म्हणाली, तरी मोजतच होत्या. अगं बाई, एवढे महिने यांच्याही जिवाला हाच घोर होता तर!

लेकरू माझ्या कुशीत देताना त्या म्हणाल्या, "आता बोल पोरी, त्या बॅजपायी मला काय बोलायचं ते. आजवर ऐकायचा धीर नव्हता मला."