मामींचा आग्रह

माझ्या नवऱ्याच्या मामींकडे जेवायला गेला आणि फसला नाही, असा माणूस अख्ख्या वेस्ट ऑकलंडमध्ये नव्हता. लोक बिचारे जेवायला बोलावलंय अशा समजुतीने हेन्डरसनच्या त्या छोट्या घरात येत, हात धुऊन टेबलाशी बसत, आणि आपली मुलाखत चालू आहे हे त्यांना बडीशेप तोंडात टाकेपर्यंत कळत नसे. मुलाखत भागीदारीची असे. कारण आमच्या मामी, नात्याने माझ्या मामेसासूबाई, वयाने साठीच्या पुढच्या, व्यवसायाने जुगारी होत्या. जुगारी हा शब्द त्यांचाच. त्यांचा मुलगा इंजिनिअर, चार लोकांत वावरणारा, तो सगळ्यांना सांगे, "आई ब्रिज खेळायला जाते." ते कानावर पडलं की मामी स्वयंपाकघरातून ओरडत, "ब्रिज नाही हो, पोकर! पैसे लावून!" मग तो बिचारा पाहुण्यांना चहा विचारत असे.

मामींची सगळी नोकरी पुण्यात विम्याच्या कचेरीत झाली. माणसं साधारण किती जगतील याची कोष्टकं त्या तयार करीत, आणि ते करता करता नशीब या गोष्टीवरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. मामा गेले आणि २०११ साली मुलगा त्यांना इकडे घेऊन आला. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला. मग शेजारच्या बाईंबरोबर एकदा जवळच्या पबमध्ये पोकर बघायला म्हणून गेल्या, आणि पुढच्या एकदोन वर्षांत शहरातल्या कॅसिनोत दर शनिवारी दुपारी दिसू लागल्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, अंगात मामांचा तपकिरी स्वेटर. पत्ते वाटणारी मुलगी माओरी नमस्कार करी, "किया ओरा, आंटी." मामी म्हणत, "किया ओरा, बाळ." त्यानंतर तासन्‌तास चकार शब्द नाही. हातात आलेले दोन पत्ते त्या कोपरा उचलून एकदा बघत आणि पुन्हा म्हणून बघत नसत. बाकीचे खेळाडू दर मिनिटाला आपले पत्ते डोकावून बघतात याचं त्यांना फार नवल वाटे. "एकदा बघितले ना? मग ते काय बदलणारेत?" असं त्या म्हणत. बहुतेक डावांत त्या पत्ते टाकून देत. ज्या डावात टाकत नसत, त्यात समोरचे धट्टेकट्टे पुरुष उठून कॉफी आणायला जात.

मामांच्या पेन्शनला त्यांनी कधी हात लावला नाही. स्वतःच्या पैशाने खेळणारा माणूस घाबरतो आणि घाबरला की हरतो, हे त्यांचं पक्कं मत. म्हणून पैसे लावणारे दुसरे, खेळणाऱ्या मामी, आणि फायदा वाटून. हे एकदा आपल्या मंडळींत पसरल्यावर पैसे लावायला माणसांची कमतरता नव्हती. खरी अडचण निवडीची होती. लग्नाच्या मुलीसाठी कोणी करणार नाही इतकी चौकशी मामी करत. पहिल्या घासाला विचारत, "हे पैसे बुडाले तर घरी काय सांगाल?" एकजण हसून म्हणाले, "सांगायचं कशाला?" त्यांना त्या दिवशी ताक मिळालं नाही. लोअर हटहून कामानिमित्त आलेल्या एका गृहस्थांनी भक्तिभावाने सांगितलं की, मामी, तुमच्या जिंकण्यासाठी मी गणपतीला नवस बोललोय. मामींनी त्यांना हात जोडले. म्हणाल्या, "तुमचा व्यवहार देवाशी ठरलाय ना, मग भागीदारीही तिकडेच करा. हरले तर मी काय त्याला तोंड देऊ, की तुम्हाला?" नवस बोललेल्या माणसाला जिंकणं हे येणं वाटू लागतं, आणि तसा भागीदार त्यांना नको होता.

या सगळ्यांतून पार झालेले, पैसे लावणारे चारपाचजण त्यांना मिळाले. पण एक जागा वर्षभर रिकामीच होती, आणि त्या जागेसाठीची परीक्षा म्हणजे मामींचा आग्रह. समोरचा "पुरे" म्हणाला की मामी वाढायला सुरुवात करत. पुण्याहून आलेला एक आयटीतला मुलगा मामींच्या खेळावर एक्सेलमध्ये तक्ता करून घेऊन आला होता. "मामी, हीप्स ऑफ स्कोप आहे यात!" म्हणत होता. मामींनी त्याला जिलेबी वाढली. तो नको म्हणाला, मामींनी वाढली. तो पोटावर हात ठेवून नको म्हणाला, मामींनी वाढली. शेवटी त्याचे डोळे पाणावले, पण जिलेबी त्याने संपवली, आणि तक्त्यासकट नापास झाला. शेजारच्या निवृत्त प्लंबरची कथा उलटी. तो पहिल्याच वाढपाला "नो थँक्स, आय'म फुल" म्हणाला आणि शांतपणे हात पुसून मोकळा झाला. आम्हाला वाटलं, मिळाला माणूस. पण मामींनी त्याला फक्त पैसे लावणाऱ्यांत घेतलं. "त्याला भीडच नाही गं," त्या मला म्हणाल्या. "ज्याला भीड नाही त्याच्या नकाराला काय किंमत?"

मी इमारतींचे नकाशे तपासते. दिवसभर लोकांना नाही म्हणणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सासरी मात्र याच गुणाबद्दल माझं नाव फारसं चांगलं नव्हतं. त्या वर्षी होळीला आम्ही मामींकडे गेलो. दोन पुरणपोळ्या मी आनंदाने खाल्ल्या आणि तिसरीच्या वेळी ताटावर आडवा हात धरला. मामी तुपाने थबथबलेली पोळी हातात घेऊन माझ्यावर ओणवल्या होत्या.

"एवढी एक."

"नको, मामी."

"बरं, अर्धी?"

"नको."

"चतकोर तरी. माझी शपथ आहे तुला."

टेबलाखालून नवऱ्याने पाय दाबला. तूप माझ्या मनगटावरून ओघळलं. आईच्या वयाची बाई, दिवसभर चुलीशी उभी राहिलेली. मला अगदी कसंनुसं झालं. पण पोट भरलं होतं, हे खरं होतं. "शपथ सुटली म्हणा, मामी," मी म्हणाले. "खरंच नको." मामींनी पोळी परत डब्यात ठेवली, आणि म्हणाल्या, "सुटली. उद्या संध्याकाळी ये. काम आहे."

काम काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. पुण्यात असताना मामी रमीला बसल्या की मामा मागे उभे राहत. त्यांना पत्त्यांतलं काही कळत नसे, पण मामींचा चेहरा कळे. पुरे झालं असं वाटलं की ते मामींची शाल पुढे धरत, आणि मामी हरत असोत की जिंकत असोत, उठत. "पत्त्यांवर बसलं की पोट भरलेलं कळत नाही गं," मामी म्हणाल्या. "ते दुसऱ्यानेच सांगावं लागतं. आणि ज्याचे पैसे लागलेत त्याला ते सांगवत नाही. तुझा एक डॉलर यात घ्यायचा नाही. तू फक्त त्यांचा हा स्वेटर पुढे करायचास. मी वाद घालणार नाही." खरं तर मला नाही म्हणायचं होतं. पण मामांबद्दल त्या इतकं पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

त्यानंतर बरीच वर्षं माझे शनिवार कॅसिनोतल्या एका गुबगुबीत खुर्चीत, मामांचा स्वेटर मांडीवर घेऊन गेले. मी ऑफिसचे नकाशे बघे आणि मधून मधून मामींचा चेहरा बघे. कधी त्यांची हनुवटी पुढे आली की समजावं, आता हरलेले परत मिळवायच्या मागे लागल्या. मी जाऊन स्वेटर धरे. मामी डाव संपवत आणि बाह्यांत हात घालत. घरी जाताना एकदाही त्यांनी "का उठवलंस?" असं विचारलं नाही. माझ्या सख्ख्या माणसांनीही माझ्यावर इतका विश्वास कधी टाकला नव्हता, आणि मला तो फार मोलाचा वाटे.

मग एक शनिवार आला. मामी जिंकत होत्या. समोर चिप्सचे मनोरे झाले होते, पैसे लावणाऱ्यांपैकी प्लंबर त्या दिवशी मुद्दाम बघायला आला होता आणि "स्वीट अ‍ॅज" म्हणजे 'झकास' म्हणत हात चोळत होता. आणि मी बघितलं की मामींनी आपल्या पत्त्यांचा कोपरा उचलला, ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला. मग पुन्हा. चेहरा नेहमीसारखाच होता. बोटं तेवढी परत परत पत्त्यांकडे जात होती. पुढच्या डावातही तेच झालं. त्या महिन्यात मला दोनदा फोन करून त्यांनी एकच निरोप दिला होता, ते मला तेव्हा आठवलं. टेबलावरच्या कोणाला अजून काही कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्या लोकांनी मामींना सोडलं नसतं. मी उठले. मी स्वेटर पुढे धरला.

"अगं, आज तर जिंकतेय मी."

"हो, मामी. चला."

पहिल्यांदाच त्यांनी वाद घातला. "एक डाव. माझी शपथ आहे तुला."

"सुटली म्हणा, मामी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली आपल्या पत्त्यांकडे. विम्याच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. "सुटली," त्या म्हणाल्या. त्यांना बाही सापडेना, म्हणून मी त्यांचा हात धरून आत घातला.

गाडीत त्या स्वेटरच्या बाह्या नीट करत होत्या. हेन्डरसनच्या वळणावर म्हणाल्या, "परत परत बघत होते का गं मी?" मी हो म्हणाले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी?" माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड नकार मी तेव्हा दिला. त्यांनी मान हलवली. त्या आठवड्यात प्रत्येक भागीदाराला फोन करून त्यांनी भागीदारी मिटल्याचं सांगितलं. कारण सांगितलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. सण नव्हता, तरी पुरणपोळ्या होत्या. गूळ जेमतेम पडला होता. त्यांचा मुलगा आणि सून मान खाली घालून जेवत होते. दोन पोळ्या झाल्यावर मामी तिसरी घेऊन माझ्यापाशी आल्या. मी सवयीने हात पुढे केला, पण तो ताटावर धरवला नाही. त्यांनी पोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि मी ती खाऊ लागले. मामी तिथेच उभ्या राहून बघत होत्या.

"नको म्हणायचं होतंस गं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आता तू कामाची राहिली नाहीस."

मी हो म्हणाले, आणि चौथीसाठी ताट पुढे केलं.