पडदा ओढणाऱ्याचा सीझन

नाटक बघायला येणाऱ्यांना एकच नाटक दिसतं. पडदा ओढणाऱ्याला दोन दिसतात, आणि आतलं बहुतेक वेळा जास्त रंगतं. आमच्या बऱ्हाणपुरातल्या हौशी नाटक मंडळाचा पडदा मी ओढतो. गावातल्या शनवारा भागात माझं कापडाचं दुकान आहे. पडद्याचं कापड दुकानातून फुकट गेलं, तेव्हा ओढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे दर हिवाळ्यात किस्से साचत जातात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ते सांगत बसतो. बायको म्हणते, म्हणूनच गिऱ्हाईक येत नाही.

यंदा आम्ही जरा मोठीच उडी मारली. एक रहस्यनाटक, एक एकांकिका, एक नाचाचा कार्यक्रम आणि शेवटी चक्क संगीत नाटक! दिग्दर्शक आमचे पाटणकर सर, रिटायर्ड मास्तर. त्यांना नाही म्हणायची कुणाची हिंमत होत नाही, कारण अर्ध्या गावाने त्यांच्या छड्या खाल्ल्या आहेत.

*

रहस्यनाटकात खुनी होता रामदास. हा पॉवरलूमवर काम करतो. दिवसभर त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही. एका प्रवेशात त्याने साथीदाराच्या कानात सांगायचं होतं की तिजोरीची किल्ली माळ्यावर आहे.

तालमीत सर कळवळून म्हणायचे, "रामदास, कुजबूज रे."

"सर, कुजबूजच तर करून राहिलो."

प्रयोगातही त्याने तशीच कुजबूज केली. पुढच्या अंकात इन्स्पेक्टर आला. सगळ्यांकडे रोखून बघत त्याने विचारलं, "किल्ली कुठे आहे?"

रामदास गप्प. नाटकातही त्याने गप्पच बसायचं होतं. पण हॉलच्या फाटकाशी चहाची गाडी लावणाऱ्याला काही राहवलं नाही.

"माळ्यावर है साहब. इन्होंने ही रखी है."

इन्स्पेक्टर भला माणूस. त्याने चहावाल्याचे आभार मानले आणि रामदासला तिथेच अटक केली. दोन गाणी आणि एक पाठलाग तसेच राहून गेले.

*

एकांकिका होती मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची. सरांचा हट्ट असा, की स्टेजवर खाणं खरंच हवं. मग काय, गरम मावाजिलबी आली. मुलाच्या बापाचं काम पुन्हा रामदासकडे. त्याने जिलबी चाखायची आणि मग "आम्हाला मुलगी पसंत नाही" असं ठणकावायचं. त्यावरून भांडण पेटणार आणि सगळी एकांकिका त्या भांडणावर चालणार.

आता मावाजिलबी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. खव्याची जाडजूड जिलबी, एक तोंडात टाकली की काही वेळ जीभ कामातून जाते. रामदासने दोन टाकल्या. मुलीच्या बापाने विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे ना?" रामदासच्या तोंडून शब्द फुटेना. चव मात्र चेहऱ्यावर आलेली! त्याने डोळे मिटून समाधानाने मान हलवली.

लग्न ठरलं. नाटक सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मी घाबरून दोरीला हात घातला. तेवढ्यात मुलीचं काम करणाऱ्या नंदावहिनी पाट सरकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पण मला मुलगा पसंत नाही."

पुढचं सगळं भांडण वहिनींनी मनानेच रचलं. आयत्या वेळी त्यांना जे सुचतं ते आम्हाला आठ दिवस बसूनही सुचत नाही.

*

या नंदावहिनींबद्दल सांगायला हवं. माहेरी गाणं शिकलेल्या. लग्न होऊन गावाशेजारच्या बहादरपुरात आल्या आणि गाणं राहिलं ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये. घरात सासूबाई नाहीत. सासरे म्हणजे अण्णा, केळीचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण नाटक हे रिकामटेकड्यांचं काम असं त्यांचं ठाम मत. तोवर आमचा एकही प्रयोग त्यांनी पाहिलेला नव्हता. यंदा मुलाने फारच गळ घातली म्हणून त्यांनी सुनेला सांगितलं, "एवढा सीझन हौस फेडून घे. मग बस. पुन्हा नाव काढायचं नाही."

वहिनींनी हे आम्हाला हसत सांगितलं. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही. संगीत नाटकात राणीचं एक मोठं गाणं होतं. सगळा हिवाळा त्या एका गाण्यासाठी त्या धावपळ करत होत्या, आणि ते म्हटलं की संपलं.

*

नाच बसवला श्वेताने. ही कॉलेजातली मुलगी, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलते. नाच ताप्तीवर. नदी म्हणून माझ्याच दुकानातलं निळं कापड. मुली ते लाटांसारखं हलवत स्टेजच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणार. गाणं सुरू झालं, नदी निघाली, आणि पहिल्या रांगेतले, ताप्तीच्या राजघाटावरचे एक म्हातारे गुरुजी उठून उभे राहिले.

"थांबा. ताप्तीमाई उलटी वाहून राहिली."

सगळा हॉल विचारात पडला. सूर्य कुठे मावळतो याची चर्चा झाली. गुरुजींचं बरोबर होतं. नदी पूर्वेकडे चालली होती.

श्वेताने गाणं थांबवलं. "सॉरी काका. लडकियों, पलटा लो."

मुलींनी आख्खा नाच उलट्या दिशेने केला. मध्यावर दोघी एकमेकींवर आपटल्या, एक कापडात गुंडाळली गेली. पण ताप्ती नीट पश्चिमेला गेली, आणि गुरुजींनी बसल्या जागेवरून हात जोडले.

*

संगीत नाटकाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. राजा रामदास शिकारीला गेलेला, सिंहासन रिकामं, आणि राणी विरहाचं गाणं म्हणणार. गाणं संपलं, राजा परत आला की पडदा. मी दोन्ही हातांनी दोरी धरून तयार.

तेवढ्यात मागच्या दाराने अण्णा आत आले. धोतर, स्वेटर, डोक्याला आणि कानांना घट्ट मफलर.

"नंदा कुठाय? जळगावचे पाहुणे येऊन बसले घरी."

माझे हात अडकलेले. मी हनुवटीने स्टेज दाखवलं. म्हणजे, त्या तिथे आहेत, थांबा जरा. अण्णांनी कधी नाटकच पाहिलेलं नव्हतं. ते सरळ चालत गेले आणि राजवाड्यात जाऊन उभे राहिले.

"नंदे, चल. रिक्षा उभी आहे."

वर टांगलेल्या माइकने हे सगळ्या हॉलला ऐकवलं. पेटीवाल्याचे हात थांबले. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी शालू सावरला आणि राणीच्याच आवाजात म्हणाल्या, "बसा अण्णा. एवढं गाणं होऊ द्या."

बसायला जागा एकच होती. एवढ्या लोकांसमोर उभं राहायची लाज वाटून अण्णा सिंहासनावर बसले.

आणि वहिनी गायल्या. तालमीत हे गाणं मी रोज ऐकलं होतं, पण ते हे नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. अण्णा डॉक्टरकडे बसल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. सुनेकडे बघत होते.

गाणं संपायला आणि रामदास यायला एकच गाठ पडली. सिंहासन भरलेलं बघून तो दचकला, पण मुजरा करून लूमच्या आवाजात गरजला, "बाबामहाराज, आपण कधी आलात?"

"आत्ताच," अण्णा म्हणाले.

हॉल हसून हसून लोळला. मग मागून कुणीतरी "वन्स मोर" म्हणालं, आणि बघता बघता सगळे म्हणायला लागले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वहिनींनी लोकांकडे बघितलंच नाही. त्या अण्णांकडे बघत होत्या. मी दोरी घट्ट धरली. अण्णा उठले असते तर मी पडदा पाडणार होतो.

अण्णांनी सावकाश कानांवरचा मफलर सोडला, त्याची घडी करून मांडीवर ठेवली.

"परत म्हण," ते म्हणाले. "मघाशी कानावर मफलर होता."