पातळ झालेली पेज

मंगळवार, १६ एप्रिल २०२४. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी पत्नीला पहिला ठसका लागला.

अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती आणि गिळणे मंदावले होते. पातळ पदार्थ घशात फार वेगाने उतरतो आणि श्वासनलिकेत शिरतो, म्हणून साधे पाणीही बंद होते. पुन्हा एकदा फुप्फुसात काही गेले तर तोंडाने खाणे कायमचे थांबवून नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्या नळीची तिला दहशत होती.

मी महाडच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, हे मुलांकडून घोकून घेतले. घरी प्रत्येक पेज मी मोजत असे. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये दहा मिलिलिटर भरायची, खालच्या भोकावर धरलेले बोट काढायचे, दहा सेकंद मोजायचे. आठपेक्षा कमी उरली तर ओतून द्यायची. पत्नी तांब्याकडे बोट दाखवी. मी मान हलवी. ती रडे, मी सेकंद मोजत राही.

भरवायला पोलादपूरच्या वरच्या वाडीतून तिची धाकटी बहीण आली होती. त्या दिवशी पेज नऊवर थांबली. वाटी बहिणीच्या हाती देऊन मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलो. एक वाटी संपायला तास लागे. ठसका ऐकून आत गेलो तेव्हा पत्नीचे ओठ निळे पडले होते आणि वाटीत उरलेली पेज पाण्यासारखी हिंदकळत होती.

तिचा श्वास सावरताच, तू हिची तहान पाहून पेजेत पाणी घातलेस, असे मी बहिणीला सरळ म्हणालो.

“नाय घातलं, भावोजी. ताईच्या गळ्याची शपथ.”

“तो गळाच तू संपवलास.”

पत्नी डावा हात हलवून नाही, नाही सांगत होती. मी तिकडे पाहिले नाही. बहिणीला पिशवी भरायला लावली. ती न जेवता निघून गेली.

तीनला ताप चढला. रुग्णालयात गिळण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी भरवण्याची रीत विचारली. चमचा तोंडातून पुन्हा त्याच वाटीत जात होता का? जात होता. मग चमच्याबरोबर लाळ वाटीत गेली, तिने पेजेतले पिष्ट तोडले, पेज पातळ झाली, असे त्या म्हणाल्या. तुम्ही सुरुवातीला मोजलीत, मध्ये नाही. लाळेची पिष्टावरची क्रिया मी दरवर्षी वर्गात परीक्षानळीत करून दाखवीत असे.

बहिणीला फोन लावला. ती वाडीची चढण चढत होती. धाप ऐकू येत होती. पाणी तू घातले नव्हतेस, एवढेच मी सांगितले.

“ताईला ठाव हाय ते,” ती म्हणाली. “तुम्हालाच नव्हतं.”

तिने फोन बंद केला.

सहाच्या सुमारास नर्स नळी घेऊन आली. पत्नी शुद्धीत होती. तिने तोंड घट्ट मिटले आणि चेहरा भिंतीकडे वळवला. संमतीपत्रावर मी सही केली. मग नळी आत जाईपर्यंत, तिने ती उपसू नये म्हणून, तिचा डावा हात खाटेवर दाबून धरला.