झटका माझ्या हाताचा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता रिटायर झालोय. रेकॉर्ड दुरुस्त करून टाकतो.

अमरावतीच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी ईईजीचा, म्हणजे मेंदूचा आलेख काढणारा, टेक्निशियन होतो. नवजात बाळाला झटका येतो तेव्हा कधीकधी अंग हलतच नाही. गडबड फक्त मेंदूत चालते. म्हणून डोक्याला पेस्टने वायरी चिकटवायच्या आणि स्क्रीनवरच्या रेषा पाहायच्या. बाळाला कोणी हात लावला तरी रेषा बदलतात, म्हणून वहीत तशी नोंद करायची. ‘हात लावू नये’ हा कागद भिंतीवर मीच चिकटवला होता.

त्या दुपारी नांदगाव खंडेश्वरची पाच दिवसांची मुलगी होती. स्टुलावर तिची आजी, कौसल्याबाई. हात लावू नका म्हणून मी तिला दोनदा दटावलं होतं. बाळ कुरकुरलं. तीन लेकरं वाढवलेला माझा हात आपोआप गेला आणि थोपटू लागला.

इंटरकॉम वाजला. त्यातला आवाज खोलीभर ऐकू यायचा. डॉक्टर मॅडम आपल्या केबिनमध्ये तेच रेकॉर्डिंग पाहत होत्या.

“वानखडे, झटका सुरू आहे! बाळ काय करून राहिलं?”

थोपटणं सोडून मी रिसीव्हर उचलला होता. “झोपलंय, मॅडम.”

“हं. थांबला.”

रिसीव्हर ठेवला, पुन्हा थोपटू लागलो. पुन्हा फोन. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, “मी इंजेक्शन घेऊन येतेय. नागपूरला न्यायची तयारी ठेवा.”

त्या औषधाने एवढ्याशा जिवाचा श्वास मंदावू शकतो.

“भाऊ,” आजी म्हणाली, “तुमी फोन उचलता तवाच झटका काहून थांबते?”

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात मॅडम आत आल्या.

“मॅडम, थांबा! झटका नाही. आजीबाई थोपटत होत्या.”

“मी? अरे बाप्पा! मी तं बोटबी नाई लावलं!”

इंजेक्शन ट्रेमध्ये गेलं, आजी बाहेर गेली. पुढचं रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं. बाळ तिसऱ्या दिवशी घरी गेलं, पण तोवर आजीला नातीजवळ फिरकू दिलं नाही.

धडा एवढाच: नोंदीच्या वहीत एक ओळ स्वतःच्या हातासाठी ठेवावी.

पुढे कौसल्याबाई बाजारात फुलं विकताना दिसल्या. चारदा जाऊन नुसताच परतलो. पाचव्यांदा धीर केला.

“आजीबाई, त्या दिवशी दवाखान्यात मी…”

“हौ, वळखलं तुमाले.” त्यांनी हातातली हार ओवायची सुई खाली ठेवली. “बोला, काय म्हणता?”

“दोन हार द्या,” मी म्हणालो.